पुढे झुका, बाबा!

छत्रपती संभाजीनगरात थंडी मोजणाऱ्या दोन वेधशाळा आहेत. एक चिकलठाण्याची, तिचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. दुसरी घरोघरच्या न्हाणीघरात, खोबरेल तेलाच्या बाटलीत. तेल साधारण २४ अंशांखाली थिजू लागतं आणि ते पांढरं दिसलं की आई माळ्यावरची स्वेटरची बॅग खाली काढते. पारा १० अंशांवर आला की ‘शहर गारठलं’ असा मथळा येतो, रिक्षावाल्यापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळे माकडटोपीत शिरतात आणि शाळेची वेळ पुढे ढकला म्हणून पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तापतो.

या शहरातली कुटुंबं हल्ली मुलांना घेऊन स्कीइंगला जातात.

ही बातमी गावाकडे सांगणं हे पहिलं दिव्य. आजोबा वैजापूरकडे किंवा कन्नडकडे असतात आणि आकाशातून पडणाऱ्या बर्फाशी त्यांचा परिचय जुना आहे. मराठवाड्यात बर्फ पडतो, फक्त गारपिटीच्या रूपाने पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो असा पडला की उभे गहू-ज्वारी आडवे झाले आणि फळबागा झोडपून निघाल्या. त्यामुळे ‘आम्ही पोरांना घेऊन बर्फ पडतो तिथे चाललोय, आणि त्याचे पैसे भरलेत,’ हे ऐकून आजोबा फोनवर जरा वेळ गप्प होतात. मग विचारतात, “तिथं पंचनामा कोण करतं?”

आईबाबांचं बर्फाचं शिक्षण सिनेमातून झालेलं असतं. १९६१ च्या ‘जंगली’त शम्मी कपूर बर्फात लोळला, १९७३ च्या ‘बॉबी’मुळे गुलमर्गमधल्या एका खोलीला कायमचं नाव मिळालं आणि पुढे यश चोप्रांच्या नायिका स्वित्झर्लंडच्या बर्फात शिफॉनच्या साडीत वावरल्या. एकीलाही सर्दी झाल्याचं कुणी पडद्यावर पाहिलं नाही. युरोपची टूर केलेल्या शेजाऱ्यांनी तर टिटलिस पर्वतावर शाहरुख आणि काजोलच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्यांशेजारी उभं राहून फोटो काढलेला असतो. मुलांचा सगळा अभ्यास ‘फ्रोझन’वर. एकूण घरात बर्फाविषयी भरपूर माहिती असते, त्यात तापमानाचा उल्लेख नसतो.

खरी अडचण मात्र थंडीची नसून वेळापत्रकाची असते. हिमालयात स्कीइंगसाठी भरवशाचे महिने जानेवारी आणि फेब्रुवारी. राज्य मंडळाच्या शाळेला मोठी सुट्टी मिळते दिवाळीत, तेव्हा मनालीजवळच्या सोलंगला गवत असतं. आणि मे महिन्यात, तेव्हा पुन्हा गवत असतं. जानेवारीत स्नेहसंमेलन, फेब्रुवारीत तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. फ्रान्समध्ये सरकारने देशाचे तीन विभाग केले आहेत आणि त्यांना हिवाळी सुट्ट्या पुढेमागे दिल्या जातात, म्हणजे सगळी मुलं एकाच आठवड्यात डोंगरावर गर्दी करत नाहीत. आपल्याकडे शिक्षण खात्याच्या विचारात आजवर बर्फ आलेला दिसत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं मराठी माणसाने बर्फ पाहिला तो मे महिन्यात, रोहतांग खिंडीत, ३९७८ मीटरवर उरलेला, पायाखाली तुडवून काळा पडलेला. तिथेही आता राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशामुळे दिवसाला १२०० गाड्यांनाच परवाना मिळतो आणि मंगळवारी रस्ता पर्यटकांना बंद असतो. बहुतेक टूरवाल्यांच्या आखणीत मनालीचा मोकळा दिवस नेमका मंगळवारी का येतो, हा संशोधनाचा विषय आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि भर हिवाळ्यात पलीकडच्या सिस्सूपर्यंत गाडी जाऊ लागली. सीबीएसईच्या मुलांना नाताळची सुट्टी असते. अशा रीतीने बोगदा आणि बोर्ड यांच्या संगमातून डिसेंबरअखेरीच्या सहलीचा जन्म झाला. पण डिसेंबरातला बर्फ म्हणजे मृगातला पाऊस. येईल असं सगळे सांगतात, सही कुणी करत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास महिनाभर कोरडं होतं, बर्फ आला तो महिना संपताना. २०२५ मध्ये तर बर्फ पुरेसा नाही म्हणून तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळच फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. राष्ट्रीय स्पर्धेची ही गत, तर गारखेड्याहून आलेल्या चौघांच्या बुकिंगला कोण विचारतो? काश्मीर की हिमाचल, ही चर्चा पहलगामच्या एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर घरात हळू आवाजात होते आणि आजीचं मत हिमाचलला पडतं.

मग सचखंड एक्स्प्रेस. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी मराठवाड्याला उत्तरेशी जोडते, आणि वाटेत काही स्थानकांवर सेवेकरी लंगर वाटतात. ते ठाऊक असूनही आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा एवढा घेतलेला असतो की उरलेलं मनालीत, सिस्सूत आणि परतीच्या वाटेवरही पुरतं. अंबाला किंवा चंदीगडहून पुढचा रात्रीचा घाट धाकट्याला कसा लागतो, हे इथे लिहायची गरज नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना माहीत आहे, ज्यांना नाहीत त्यांना सांगून उपयोग नाही.

मनालीहून सोलंगकडे जाताना रस्त्याच्या कडेला आकडे लिहिलेल्या दुकानांची रांग लागते. बर्फाचे कपडे इथे भाड्याने मिळतात. ड्रायव्हर कोणत्या आकड्यापाशी थांबेल ते आधीच ठरलेलं असतं. प्रवाशाने फक्त आश्चर्य वाटल्याचं दाखवायचं. आत केशरी, जांभळे, पोपटी असे एकसंध झगे टांगलेले असतात, जे आजवर किती जणांनी घातले हे वासावरून कळतं. गुलमंडीत पैठणीसाठी तासभर घासाघीस करणारी आई इथे ‘दादा, इतना पुराना है, कम करो ना’ म्हणते, आणि दुकानदार ‘मॅडम, ऊपर माइनस में है’ एवढंच उत्तर देतो. त्यावर जगातल्या कोणत्याही ग्राहकाकडे तोड नाही.

आता कपड्यांचं शास्त्र असं, की अंगालगत सुती कपडा नको. सूत घाम शोषून धरून ठेवतं, ओलंच राहतं आणि माणूस आतून गारठतो. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर हवा. पण मराठी बापाचा सुती बनियनवर विश्वास अढळ असतो. वर जीन्स, त्यावर भाड्याचा झगा. पहिल्या पडण्यात जीन्स भिजते आणि संध्याकाळपर्यंत ती वाळत नाही. तरीही संध्याकाळी हॉटेलात हीटरसमोर उभं राहून ‘थंडी एवढी काही नव्हती’ हे वाक्य बोललं जातंच.

पाच थर चढवून, मोज्यांत मोजे घालून, हातमोजे मनगटाला बांधून, गॉगल लावून मूल पूर्ण तयार झालं की ते सांगतं, “शू आली.”

ही घटना टाळता येत नाही. निघताना विचारलेलं असतं, दुकानात विचारलेलं असतं, गाडीतून उतरताना तर जवळपास गयावया केलेली असते. तिन्ही वेळा उत्तर ‘नाही’. शहरात ही साधी गोष्ट असते. अडीच-तीन हजार मीटरवर, जिथे स्वच्छतागृह उताराच्या खालच्या टोकाला असतं आणि झग्याची चेन मध्यावर अडकते, तिथे ती मोहीम होते. बाबा मुलाला काखेत धरून धावतात, आई मागून हातमोजे वेचत येते. स्कीइंगने हृदयाला व्यायाम होतो असं तज्ज्ञ सांगतात, ते बहुधा हेच पाहून.

बूट हा पुढचा अध्याय. स्कीचा बूट टणक प्लास्टिकचा, घोट्यापाशी जवळपास न हलणारा. चालताना आधी टाच टेकते, मग धप्पकन चवडा, त्यामुळे मुख्याध्यापकसुद्धा या बुटांत यंत्रमानवासारखे चालतात. बूट स्कीत ज्या खटक्याने अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना पाय पिळवटू नये म्हणून ठरावीक जोर आला की तो आपोआप सुटतो. किती जोराला सुटायचं, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणूस किती सराईत आहे यावरून लावतात. चांगल्या दुकानात म्हणून हे सगळं विचारतात, आणि इथे संसार उघडा पडतो. आई वजन सहा किलोंनी कमी सांगते. तिची स्की जरा वळलं की सुटून पडते. बाबा ‘थोडंफार येतं’ असं सांगतात. त्यांचा खटका सराईताच्या हिशेबाने लागतो आणि पडल्यावरही पाय सोडत नाही. मुलं खरं सांगतात. त्यांची बाइंडिंग बरोबर लागते.

एवढं झाल्यावर सोलंगला बहुतेकांचं स्कीइंग अर्ध्या तासात उरकतं. प्रशिक्षक हाताला धरून सपाटीवर थोडं सरकवतो, फोटो काढतो, आणि नंतर फोटोतून प्रशिक्षकाला कापलं की माणूस एकटा स्कीइंग करताना दिसतो. यात गैर काही नाही. अजिंठ्यात चारपाच लेण्यांत डोकावून ‘बघितलं’ म्हणणारेही असतातच. ज्यांना खरंच शिकायचं असतं त्यांच्यासाठी औलीत गढवाल मंडल विकास निगम ७ आणि १४ दिवसांचे वर्ग घेत आलं आहे, गुलमर्गमध्ये १९६८ पासून भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीची गिर्यारोहण संस्था सोलंगमध्ये शिकवते. पण ज्या कुटुंबाने दोन-तीन सकाळी एकाच प्रशिक्षकाकडे काढल्या, त्यालाही खरी गंमत कळते.

कारण पहिला धडा असतो पडण्याचा. कडेला, चढाच्या बाजूला, बसल्यासारखं पडायचं. मग दोन्ही स्की उताराला आडव्या करून उठायचं. मुलांना हा धडा मुळी शिकवावाच लागत नाही. त्यांची उंची कमी, वजन कमी, जमीन जवळ, आणि अब्रू अजून जमा व्हायची असते. बाबांचं उलट. त्यांनी चाळीस वर्षं न पडण्यात घालवलेली असतात. ते दोन काठ्या बर्फात रोवून ताठ उभे राहतात आणि वर्ग संपेपर्यंत तसेच उभे असतात. पाहणाऱ्याला वाटतं, निसर्ग न्याहाळतायत.

दुसरा धडा त्याहून जड. “आगे झुको,” प्रशिक्षक ओरडतो. उतारावर घसरायला लागलं की कोणताही शहाणा माणूस मागे रेलतो. पण वजन मागे गेलं की स्कीची टोकं हलकी होतात, ती वळत नाहीत, थांबतही नाहीत, आणि वेग वाढतो. ताबा हवा असेल तर नडगी बुटाच्या जिभेवर दाबून खोल उताराकडे, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्याकडे झुकावं लागतं. मराठी मध्यमवर्गाचं सगळं पालनपोषण याच्या विरुद्ध झालेलं आहे. मागे सर, कठड्यापासून लांब उभा राहा, सरकारी नोकरीचा फॉर्म भर, रिक्षा हळू घ्या हो भाऊ. दौलताबादच्या किल्ल्यावर ज्या आईने मुलाचा शर्ट मागून मुठीत धरून ठेवला होता, तिला आता त्याच मुलाला सोडायचंय आणि वर स्वतः पुढे वाकायचंय. ती सोडत नाही. मूल तिला घेऊन खाली येतं.

थांबायची युक्तीही शिकवतात. चवडे आत, टाचा बाहेर, दोन्ही स्कींची टोकं जवळ आणून पुढे निमुळता त्रिकोण करायचा. जगभरचे प्रशिक्षक मुलांना याला पिझ्झाचा तुकडा म्हणायला लावतात, आणि स्की समांतर ठेवायच्या असल्या की फ्रेंच फ्राइज. ज्या आईने आख्ख्या प्रवासात ‘पिझ्झा मिळणार नाही, दशमी खा’ असं बजावलेलं असतं, तीच आता उताराच्या पायथ्याशी उभी राहून बेंबीच्या देठापासून ‘पिझ्झा! पिझ्झा!’ ओरडत असते. धाकटा ते ऐकून थांबतो आणि विचारतो, “कधी?”

नववीतल्या मुलीला मात्र स्की नको असते, स्नोबोर्ड हवा असतो. का, तर रील चांगलं येतं. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, शरीर आडवं, हातात काठ्या नाहीत. जाणकार सांगतात की स्की सुरुवातीला सोपी आणि पुढे अवघड, बोर्डचं उलट. पहिला दिवस बराचसा बसूनच जातो. मनगट आणि माकडहाड ही दोन ठिकाणं वारंवार जमिनीला भेटतात. आई म्हणते, “हे कुणी काढलं असेल?” याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते एका बापाने काढलं. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन गावचे शर्मन पॉपेन यांच्या मुली घरात धुडगूस घालत होत्या, बायको गरोदर होती आणि तिला जरा शांतता हवी होती. पॉपेन गॅरेजमध्ये गेले, दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि मुलींना टेकडीवर पाठवलं. बायकोने त्या प्रकाराला ‘स्नर्फर’ असं नाव दिलं, पुढच्याच वर्षी एका कंपनीने तो बाजारात आणला, आणि त्यातूनच विकसित झालेला खेळ १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये गेला. पोरं दुपारी अर्धा तास बाहेर गेली पाहिजेत, या एका इच्छेने किती मोठं काम केलंय, हे पालकांनी लक्षात घ्यावं. आपल्याकडे या इच्छेतून फार तर उन्हाळी शिबिरं निघाली.

हेल्मेटविषयी एक निरीक्षण. इटलीत १४ वर्षांखालच्या मुलांना स्कीइंग करताना हेल्मेट २००५ मध्येच सक्तीचं झालं, पुढे वयाची अट वाढवत नेली. इथे संभाजीनगरचा बापही मुलाच्या डोक्यावर हेल्मेट दोनदा तपासतो, पट्टा ओढून बघतो, प्रशिक्षकाला विचारतो ‘मजबूत है ना?’ जालना रोडवर त्याचं स्वतःचं हेल्मेट आरशाला लटकलेलं असतं.

आणि ऊन. ४२ अंशांत वाळूजला ड्युटी करणाऱ्याला डिसेंबरच्या उन्हाची काय भीती? पण उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. आई मुलांना सनस्क्रीन थापते, बाबा ‘मला नको’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी बाबांचा चेहरा गॉगलएवढा गोरा आणि बाकी विटकरी. पुढच्या लग्नात प्रत्येक काकू तोच प्रश्न विचारतात, बर्फात जाऊन कुणी काळं होतं का.

ज्यांना एवढा उपद्व्याप नको, त्यांच्यासाठी हैदराबाद आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्याची कामं हैदराबादला होत. बर्फाचीही सोय तिथेच झाली. २००४ पासून तिथल्या स्नो वर्ल्डमध्ये शून्याखालचं तापमान तिकिटावर मिळतं. मामा दुबईत असला तर त्याहून बरं. तिथल्या मॉलमध्ये २००५ पासून ८५ मीटर उंचीचा बंदिस्त डोंगर आहे आणि त्यावरची सर्वांत लांब घसरण ४०० मीटरची. बाहेर वाळवंट, आत पाइनची झाडं. मुलं तिथे शिकतात, बरी शिकतात. फक्त तिथे बर्फ हमखास असतो, त्यामुळे सहलीतली अर्धी उत्कंठा जाते.

खऱ्या उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी एक बदल होतो, आणि तो पाहण्यासाठी तरी जावं. मुलं सरकू लागतात. संभाजीनगरात स्केटिंगचे क्लास केलेल्या मुलांना तोल सांभाळायची सवय असते, ती पटकन पुढे जातात. गुलमर्गचा आरिफ खान चौथ्या वर्षी स्कीवर उभा राहिला; वडिलांचं तिथे स्कीच्या साहित्याचं दुकान. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो भारताचा एकमेव खेळाडू होता, जायंट स्लालममध्ये ४५ वा आला आणि स्लालममध्ये त्याला शर्यत पुरी करता आली नाही. हे बाबांनी मुलांना प्रेरणा म्हणून सांगायला घेतलेलं असतं. धाकट्याला त्यातली वेगळीच गोष्ट पटते: “म्हणजे तोपण पडतो! बाबा, मग तुम्ही का नाही पडत?”

प्रश्न सरळ असतो आणि भोवती लोक असतात. बाबा काठ्या उपटतात. पोरगा खालून हात हलवत ओरडतो, “पुढे झुका, बाबा! गुडघे वाकवा! अहो, मागे नका बसू!” नऊ वर्षं ज्याला ‘नीट बस, वाकू नकोस’ सांगितलं तो आता सूचना देतो, आणि मजा म्हणजे त्या बरोबर असतात. बाबा झुकतात. पंधरावीस फूट ते खरोखर स्कीइंग करतात. मग एका गुजराती कुटुंबाच्या सेल्फीत शिरतात, सॉरी म्हणत कडेला कलंडतात, आणि उठता येत नाही म्हणून तिथेच पडून हसत सुटतात. आईने व्हिडिओ काढलेला असतो, पण तीही हसत असल्याने त्यात नुसतं आकाश आलेलं असतं. ते पाहून ती फोन खिशात टाकते आणि खरं वजन सांगून स्की बदलून आणते.

त्यानंतर सगळा क्रमच उलटतो. मुलांना हॉटेलात जायचं असतं, मॅगी हवी असते, पाय दुखत असतात. आईबाबांचं मात्र ‘एक शेवटचं, फक्त एक’ चाललेलं असतं. धाकटा कंटाळून बर्फात बसून चिवडा खातो.

जानेवारीतल्या एखाद्या संध्याकाळी हेच कुटुंब स्केटिंगच्या क्लासवर दिसतं. मुलं चाकांवर गोल गोल फिरतायत, पालक बाकावर. आई कोचपाशी जाऊन विचारते, मोठ्यांची बॅच असते का. कोच फॉर्म पुढे करतो. “नाव लिहा. वय किती मुलाचं?”

“त्रेचाळीस,” आई बाबांकडे बोट दाखवून सांगते. “ऐकत नाहीत, पण पडायला आता घाबरत नाहीत.”